पाय घसरला, एवढंच लिहून भागत नाही

कारखान्यातल्या अपघातांचा विषय निघाला की बोलणं प्रेस, क्रेन आणि शॉर्टसर्किटवर जातं. टाइम ऑफिसच्या टेबलावर प्रत्यक्षात येणारे कागद बरेचदा वेगळे असतात. कुलंटवर, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्यावर, पाय घसरला, पॅलेटच्या कोपऱ्याला ठेच लागली, मेझनाइनवरून, म्हणजे मधल्या माळ्यावरून, उतरताना शेवटच्या पायरीवर तोल गेला. माणूस उठतो, कपडे झटकतो, आजूबाजूचे हसतात म्हणून तोही हसतो आणि शिफ्ट पुरी करून घरी जातो. रात्री मनगट सुजतं. दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय झालं? तो म्हणतो, पडलो. कुठे पडला ते तो सांगत नाही आणि गर्दीत कोणी विचारतही नाही. प्रकरण बिघडतं ते इथे. पुढचे चार महिने सगळे जण ही एक ओळ दुरुस्त करत बसतात.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या मशीन शॉपमधली अशी प्रकरणं आम्ही पहिल्या नोंदीपासून कायमचं अपंगत्व तपासणाऱ्या मेडिकल बोर्डापर्यंत नेतो. त्याच क्रमाने हे लिहिलं आहे. कारखान्यांचा आणि कर्मचारी राज्य विम्याचा, असे १९४८ चे दोन्ही कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांमध्ये गेले आहेत. पण फॉर्मचे जुने क्रमांकच लोकांच्या तोंडी बसले आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.

माणूस पडला की धावत जाऊन त्याला उठवायचं, ही आपली सवय. ती आधी मोडावी लागते. कमरेवर किंवा कुशीवर पडलेल्याला पाय हलवता येत नसेल, एक पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसत असेल, तर खुब्याचं हाड मोडल्याचा संशय धरायचा. त्याला उभं करायचं नाही आणि खुर्चीवरही बसवायचं नाही. स्ट्रेचर येईपर्यंत आहे तिथेच ठेवायचं. डोकं आपटलं असेल तर तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी पुढचे २४ तास त्याच्याजवळ कोणीतरी हवं. उलटी, गुंगी किंवा वाढत जाणारी डोकेदुखी यांपैकी काहीही दिसलं की थेट हॉस्पिटल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वाटच बघायची नाही.

हातावर पडलेला असेल तर सगळ्यात आधी अंगठी, कडं, बांगड्या काढून घ्या. अर्ध्या तासात सूज इतकी चढते की मग अंगठी कापावी लागते. पॅकिंगमधला कोरूगेटेड पुठ्ठा कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा कापायचा, पन्हाळीसारखा वळवून हाताखाली घ्यायचा आणि क्रेप बँडेजने सैलसर बांधायचा. हात गळ्यात अडकवायला ओढणी किंवा मोठा रुमाल चालतो. मालिश नको आणि हाडवैद्यही नको. चहासुद्धा देऊ नका, कारण ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. हे शेवटचं कोणालाच पटत नाही, चहा आलेलाच असतो.

जखमीला पाठवलं की दुसरा माणूस जागेवर थांबला पाहिजे. हाउसकीपिंगवाला पोचा घेऊन दोन मिनिटांत हजर होतो आणि त्याच्या पोच्याबरोबर सगळा पुरावा जातो. जागा आधी दोरीने किंवा कोनाने अडवायची, फोटो काढायचे आणि मगच पुसायला द्यायचं. फोटो चार लागतात. लांबून एक, ज्यात मशीन नंबर आणि गँगवे, म्हणजे ये-जा करायची वाट, दोन्ही दिसतील. घसरल्याची रेघ जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. त्या माणसाच्या बुटाचा तळवा. आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तो ज्या दिशेने येत होता त्या दिशेचा एक, म्हणजे त्याला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं ते कळतं.

बुटाचा तळवा बहुतेक जण विसरतात. आयएस १५२९८ चा शिक्का असलेला सेफ्टी शू सुद्धा वर्षभर रोज घासून गुळगुळीत होतो. टाच एका बाजूने झिजलेली असते, खाचांमध्ये ग्रीस आणि चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचे तुकडे, बसलेल्या असतात. वरून बूट धडधाकट दिसतो, म्हणून बदलून मिळत नाही. कंत्राटी माणसाच्या पायात तर कित्येकदा आधीच्याने सोडलेला, एक नंबर मोठा बूट असतो.

कुलंटचं वेगळंच आहे. सोल्युबल ऑइल पाण्यात मिसळून वापरतात, सांडल्यावर पाणी उडून जातं आणि तेलाचा पातळ थर फरशीवर राहतो. तो डोळ्याला दिसत नाही. त्यावर साध्या पाण्याचा पोचा मारला की तेल निघत नाही, पसरतं. आधी एका चौरस फुटात असलेली घसरण आता पूर्ण गँगवेभर होते, वर फरशी चकचकीत दिसते म्हणून सगळे खूश. तेल काढायला डिग्रीझर, म्हणजे तेल सोडवणारं रसायन, टाकून पाच-दहा मिनिटं मुरू द्यावं लागतं, मग ताठ ब्रशने घासायचं, वायपरने ओढून घ्यायचं आणि कोरड्या कापडाने पुसायचं. फरशी वाळेपर्यंत तिथून ये-जा बंद. लाकडाचा भुसा टाकतात तो तेल शोषतो खरा, पण लगेच झाडून उचलला नाही तर त्याच्यावरूनच माणूस घसरतो.

पुसून झालं म्हणजे संपलं नाही. तेल आलं कुठून? बहुतेक वेळा मशीनच्या दाराचं सील गेलेलं असतं, किंवा चिप्सच्या ट्रॉलीचा तळ गळत असतो आणि ती ट्रॉली दिवसातून अनेकदा त्याच वाटेने जाते. ट्रॉलीची वाट फरशीवर बघितली तर थेंबांची रांग सापडते. ठेच लागण्याची कारणं याहून साधी असतात. चालताना आपला पाय जमिनीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच वर असतो. त्यामुळे एक सेंटिमीटरची उंचावलेली फरशी, गटाराची वाकलेली जाळी, जमिनीवरून नेलेली एअर लाइन एवढंही पुरतं. मोठा खड्डा सगळे टाळतात, या बारीक उंचवट्यावर पडतात. पिवळे पट्टे साध्या ऑइल पेंटने मारलेले असतील तर पाणी पडलं की पट्ट्यावरच पाय सरकतो. पेंटमध्ये किंवा इपॉक्सीच्या वरच्या थरात बारीक सिलिका वाळू मिसळायची असते. ती न मिसळता इपॉक्सी आरशासारखी केली की ऑडिटला छान दिसते. जून ते सप्टेंबर शटरच्या आतली पहिली दहा-बारा फूट जागा वेगळी धरावी. बाहेरचं पाणी पायाबरोबर आत येतं, आणि उजेडातून आत आलेल्या डोळ्याला काही क्षण ओल दिसतच नाही.

आता कागद. पहिली नोंद अपघात वहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये. पडलेल्या माणसाने तोंडी सांगितलं तरी चालतं, त्याच्या वतीने सहकाऱ्याने सांगितलं तरीही. नोंद करण्यासाठी हाड मोडलेलं असायची अट नाही. दुखत नसेल तरी लिहा. आम्ही याच्यावर अडून बसतो, कारण मनगट दुसऱ्या दिवशी सुजतं आणि पाठ तिसऱ्या दिवशी धरते. नोंद न होण्याचं कारण बहुतेक गेटवरच टांगलेलं असतं: अपघाताविना किती दिवस गेले त्याचा बोर्ड. आकडा शून्यावर आणणारा माणूस कोणालाच नको असतो, पडलेल्यालाही स्वतःला तो माणूस व्हायचं नसतं. त्या बोर्डाने फरशी कोरडी होत नाही, वही मात्र कोरी राहते.

त्यानंतर फॉर्म १२, म्हणजे मालकाने विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयाला आणि दवाखान्याला द्यायचा अपघात अहवाल. मुदत अपघात कळल्यापासून २४ तास. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर ताबडतोब. हा अहवाल कंपनीच्या लॉगिनमधून ऑनलाइन भरतात आणि घाईत भरला की पुढे महागात पडतो. घाईतल्या अहवालातलं ठरलेलं वाक्य असं असतं: "काम करताना निष्काळजीपणामुळे पाय घसरून पडला." सुपरवायझरला वाटतं, निष्काळजीपणा लिहिला की आपण सुटलो. तो सुटत नाही, प्रकरण तेवढं चौकशीला जातं.

आम्ही लिहून घेतो ते साधारण असं: "दुसरी शिफ्ट, सुरुवात दुपारी ३.३०. अपघात संध्याकाळी ७.२०. सीएनसी क्र. ४ च्या समोर, मशीनपासून अंदाजे दीड मीटरवर गँगवेमध्ये. तयार पार्टची क्रेट दोन्ही हातांत घेऊन पॅकिंगकडे जात असताना फरशीवरील कुलंटवरून उजवा पाय पुढे सरकला. क्रेट हातातून सुटली. उजवा तळहात टेकून उजव्या कुशीवर पडला. उजव्या मनगटाला सूज व वेदना, उजव्या कमरेला मुका मार." पोर्टलवर इंग्रजीत भरायचं असलं तरी आधी हे मराठीत पक्कं करून त्या माणसाला वाचून दाखवा. उजवा-डावा हमखास चुकतो. दुखणाऱ्या सगळ्या जागा लिहा. अहवालात फक्त मनगट असेल आणि महिन्याने कमरेचा एमआरआय झाला, तर ती कमर या अपघातातली आहे हे सिद्ध करताना नाकीनऊ येतात. साक्षीदार दोन असावेत आणि त्यांपैकी निदान एकाने प्रत्यक्ष पाहिलेलं असावं. त्या वेळी कामावर नसलेल्याचं नाव टाकलं की हजेरीपत्रकावर लगेच उघडं पडतं.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: जखमी व्यक्ती कायद्याच्या, मालकाच्या आदेशाच्या विरुद्ध किंवा सूचनेशिवाय वागत होती का? इथे "होय"वर टिक केलं की विम्याचा लाभ जातो अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. नियम मोडला असला तरी ते काम मालकाच्या धंद्यासाठीच चाललेलं असेल, तर ती नोकरीतलीच इजा धरतात. आखलेली वाट सोडून मशीनच्या मागून शॉर्टकट मारला आणि पडला, हातात कंपनीचीच क्रेट होती, तर प्रकरण बसतं. त्यामुळे "होय" लिहिलं असेल तर त्याच्याखालचा "मालकाच्या कामासाठी होतं का" हा रकाना रिकामा सोडू नका. माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला वेगळी सूचना जाते. ती आणि फॉर्म १२ यांतली वेळ जुळली पाहिजे, आणि ती जुळत नाही असं आम्ही वारंवार पाहतो, कारण एक कागद एचआर भरतं आणि दुसरा सेफ्टी ऑफिसर.

दवाखान्यात जाताना सोबत ई-पहचान कार्ड, आधार आणि अपघात अहवालाची प्रत. डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगायचं: "अमुक तारखेला, अमुक वाजता, कंपनीत कामावर असताना पडलो." केसपेपरवर ते लिहिलं गेलं का, ते तिथेच वाचा. बोलता येत नसेल तर सोबतच्या माणसाने सांगावं. तातडीत जवळच्या खासगी हॉस्पिटलात न्यावं लागलं तर तिथल्याही केसपेपरवर हेच वाक्य हवं, आणि डिस्चार्ज कार्ड, बिलं, तातडीचं होतं असा दाखला, एक्स-रेच्या मूळ फिल्म जपून ठेवा.

एक्स-रेबद्दल सांगायलाच हवं. तळहात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा असतो, तिथे दाबलं की दुखतं. मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड तिथे असतं आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. डॉक्टर मनगट बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. लोक दुसऱ्या एक्स-रेला जात नाहीत, कारण तोपर्यंत सूज उतरलेली असते. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असल्याने न जुळलेलं हाड मनगट कायमचं कमजोर करून ठेवतं. पहिल्या कागदावर "मुरगळा" आणि दुसऱ्यावर "फ्रॅक्चर" असं आलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या कागदावर मूळ अपघाताची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पैशाचा भाग डॉक्टरांच्या दाखल्यांवर चालतो. नोकरीतल्या इजेसाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के दराने मिळतो. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बंद असलं की तो पहिल्या दिवसापासून लागू होतो, आणि त्याला आधी किती वर्गणी भरली याची अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी चालतो. तेच प्रकरण साध्या आजारपणात गेलं तर दर ७० टक्के, पहिले २ दिवस कोरडे, वर्षाला ९१ दिवसांची मर्यादा आणि वर्गणीच्या सहामाहीत ७८ दिवस भरलेले असायला हवेत. रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये आणि ४५ दिवस घरी, असं धरा. इजेच्या दराने २४,३०० रुपये होतात, आजारपणाच्या दराने १८,०६०. म्हणजे दवाखान्यात न सांगितलेल्या त्या एका वाक्याचे ६,२४० रुपये.

दाखला पहिला, मग मधला, मग शेवटचा असा सलग लागतो. मधला दाखला फार तर ७ दिवसांनी घ्यावा लागतो. लांबणार असं दिसलं तर खास मधला दाखला ४ आठवड्यांपर्यंतचा मिळतो. दोन दाखल्यांमध्ये एक दिवसाची फट राहिली की तो दिवस गेला. सणाला गावी गेलेला माणूस हमखास यात सापडतो. जायचंच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून खास दाखल्याचं विचारा.

आणखी एक खोच. चांगुलपणाने एचआर त्या दिवसांना भरपगारी रजा टाकतं. ज्या दिवसाची भरपगारी रजा मिळाली त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. वर त्याची शिल्लक रजाही जाते. हजेरीपत्रकावर ते दिवस इजेची गैरहजेरी म्हणूनच दिसले पाहिजेत. याच्या उलट प्रकार वाईट आहे: प्लॅस्टर घातलेल्या माणसाला गाडी पाठवून बोलावून घ्यायचं, गेटपाशी खुर्चीवर बसवायचं आणि हजेरी लावायची, म्हणजे गमावलेले दिवस शून्य. शाखा कार्यालय गैरहजेरीची पडताळणी कंपनीकडे करतंच. हजेरीही आणि दाखलाही, असं दिसलं तर खोटा दावा म्हणून वसुली निघते ती कामगारावर. दाखला चालू असताना त्या माणसाला काढता किंवा शिक्षा करता येत नाही, हेही सुपरवायझरला लेखी कळवून ठेवलेलं बरं.

कंत्राटी कामगारांत निम्मा घोळ नोंदणीचा असतो. माणूस सोमवारी आला, गुरुवारी पडला, विमा क्रमांक शुक्रवारचा. असं दिसलं की चौकशी लागणारच. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. पण तोवर महिने जातात आणि घर उधारीवर चालतं. कामाच्या पहिल्या दिवसाचे गेट रजिस्टर, इंडक्शनची सही, बूट दिल्याची पावती हे कागद अशा वेळी उपयोगी पडतात. मूळ मालक म्हणून कंपनीची जबाबदारी कंत्राट दाखवून टळत नाही. घर ते कारखाना या वाटेवरचं पडणंही २०१० च्या दुरुस्तीपासून धरलं जातं, मात्र वेळ, वाट आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. बसमधून उतरताना पडलेल्याने तिकीट फेकू नये.

महिना २१,००० रुपयांच्या वर पगार असलेल्यांना विमा योजना लागू होत नाही. त्यांच्यासाठी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातली व्यवस्था, तीही आता संहितेत आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला फार तर निम्मं. ९० टक्के आणि ५० टक्के हा फरक नव्या बढती मिळालेल्या सुपरवायझरला पडल्यावरच कळतो. आम्ही त्यांना वैयक्तिक अपघात विमा आधीच काढायला सांगतो.

शेवटचा दाखला मिळाला, माणूस कामावर आला, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही, पकड सैल आहे. इथे बहुतेक प्रकरणं सोडून दिली जातात. कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डाकडे जायचा अर्ज शेवटच्या दाखल्यापासून १२ महिन्यांच्या आत शाखा कार्यालयात द्यायचा असतो. तुटलेल्या बोटांसाठी कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले टक्के आहेत, अख्खा अंगठा गेला तर ३०. पडल्यामुळे आखडलेल्या सांध्याला मात्र असा ठरलेला आकडा नाही, कमाईची क्षमता किती घटली ते बोर्ड तपासून ठरवतं. म्हणून बोर्डासमोर नुसतं "दुखतं" म्हणून चालत नाही. आधी आणि नंतरचे एक्स-रे, फिजिओथेरपीची नोंद, दोन्ही मनगटं किती अंशांत वळतात याचं ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी लिहिलेलं मोजमाप, आणि अपघाताआधी तो कोणतं काम करायचा व आता कोणतं देतात याचं कंपनीचं पत्र घेऊन जावं. पत्रात "हलकं काम दिलं आहे" एवढंच नको. "१८ किलोची क्रेट उचलायचा, आता तपासणीच्या टेबलावर बसतो" असं हवं. ठरलेले टक्के कमी वाटले तर अपील ३ महिन्यांत करता येतं, आणि निर्णयाचा कागद हातात पडलेली तारीख पाकिटासकट जपून ठेवावी, कारण मुदतीचा वाद झाला तर मोजणी तिथूनच होते.